दोघांच्या घराला पाच किलोवॉट कशाला?

पत्राचा सारांश: सातारा शहराच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनी लिहितात की त्यांचे वय ६१ आणि यजमानांचे ६६ आहे. त्या टपाल खात्यातून आणि यजमान सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. १९९६ मध्ये बांधलेल्या दुमजली घरात आता दोघेच राहतात. मुलगा पुण्यात नोकरी करतो, मुलगी सासरी असते. गल्लीतील तीन घरांवर सोलर पॅनल बसल्यापासून मुलाचा आग्रह सुरू आहे की आपणही पाच किलोवॉटचा संच बसवावा, कारण "सरकार पैसे देत आहे, बिल शून्य होईल आणि वळवाच्या पावसात तासन् तास जाणारी वीजही जाणार नाही". यजमानांना मुदतठेव मोडायची नाही. या वयात नव्या यंत्राची उसाभर नको, असे ते म्हणतात. एका विक्रेत्याने तीन किलोवॉटसाठी १,९५,००० आणि पाच किलोवॉटसाठी ३,००,००० रुपये असा दर दिला असून ११,००० रुपये भरून नोंदणी करा, नाहीतर अनुदान संपेल, असा लकडा लावला आहे. गच्चीवर उन्हाळ्यात वाळवण असते, एका कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, वीजजोडणी अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे आणि दक्षिणेकडचा मोकळा भूखंड अलीकडेच एका बिल्डरने घेतला आहे. बाप-लेकांचे यावरून दोनदा वाजले आहे. सोलर बसवावे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत वर्षभराच्या बिलांची छायाचित्रे पाठवलीत, हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बिलांतच आहे आणि ते आतापर्यंत घरात कोणी वाचलेले दिसत नाही. मुलगा गल्लीतल्या घरांकडे पाहून बोलत आहे, यजमान मुदतठेवीकडे पाहून बोलत आहेत आणि विक्रेता त्याच्या दरपत्रकाकडे पाहून बोलत आहे. तुम्ही दोघे नेमकी किती वीज वापरता, हा प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नाही. बारा बिलांवरील युनिटांची बेरीज २,०४० येते, म्हणजे महिन्याला सरासरी १७० युनिटे. मे महिन्यात नातवंडे आली की आकडा अडीचशेच्या घरात जातो आणि पावसाळ्यात दीडशेच्याही खाली उतरतो. वर्षभराचे एकूण बिल साधारण २१,००० रुपये होते. पुढचा सगळा विचार या दोन आकड्यांवर करायचा आहे.

आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉट क्षमतेचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे वीज देतो. वर्षाला साधारण १,४०० युनिटे धरावीत. फेब्रुवारी ते मे या काळात उत्पादन वर असते, जून ते सप्टेंबरमध्ये ढगांमुळे ते बरेच घसरते. या हिशेबाने दोन किलोवॉटचा संच तुम्हाला वर्षाला २,८०० युनिटे देईल, तीन किलोवॉटचा ४,२०० आणि पाच किलोवॉटचा ७,०००. तुमची गरज २,०४० युनिटांची आहे. पाच किलोवॉटचा संच बसवला तर तुम्ही स्वतःच्या गरजेच्या तिपटीहून अधिक वीज तयार कराल आणि त्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालाल. मुलाचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही; पण त्याच्या मनातले घर कदाचित अजून पाच माणसांचे आहे.

जास्तीची वीज महावितरणला विकता येईल, असे विक्रेत्याने सांगितल्याचे तुम्ही लिहिता. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. नेट मीटर पद्धतीत दिवसा तुमच्या छतावरून जाणारी युनिटे आणि रात्री तुम्ही घेतलेली युनिटे यांची वजावट होते, आणि महिन्याअखेर शिल्लक राहिलेली युनिटे पुढच्या बिलात जमा होतात. ही जमा आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालते. त्यानंतर जी युनिटे उरतात त्यांचे पैसे मिळतात, पण ते वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि तो दर तुम्ही बिलात भरता त्या दराच्या मानाने बराच कमी असतो. म्हणून जे युनिट तुमच्या स्वतःच्या वापरातून वजा होते तेच मोलाचे असते. त्यापलीकडचे युनिट तयार करण्यासाठी आज मोठी रक्कम गुंतवणे, हे तुमच्यासारख्या घराला परवडणारे नाही.

आता अनुदानाकडे पाहू. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत राबवण्याचे ठरले आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे अनुदान मिळते. तीन किलोवॉटच्या वर कितीही मोठा संच बसवला तरी एकूण अनुदान ७८,००० रुपयांवर थांबते. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या किलोवॉटला सरकार काहीही देत नाही, आणि "सरकार पैसे देत आहे" हे मुलाचे म्हणणे नेमके त्याच भागाला लागू होत नाही ज्याचा तो आग्रह धरतो आहे. तुमच्या विक्रेत्याच्या दराने अनुदान वजा जाता पाच किलोवॉटला २,२२,००० रुपये तुमच्या पदरचे जातील, तीन किलोवॉटला १,१७,००० रुपये. दोन किलोवॉटचा दर त्याने दिलेलाच नाही. तो आवर्जून मागून घ्या. समजा तो १,३५,००० रुपये आला, तर ६०,००० रुपये अनुदान जाऊन तुमचा खर्च ७५,००० रुपये होईल.

बचतीच्या बाजूला काय दिसते? "बिल शून्य" हा शब्दप्रयोग आधी बाजूला ठेवू या. बिलातला वीज आकार आणि वहन आकार युनिटांवर अवलंबून असतो, तो जवळपास नाहीसा होईल. पण स्थिर आकार जोडणी असेपर्यंत भरावाच लागतो. तो आणि त्यावरचा कर धरला तर तुमच्या २१,००० रुपयांपैकी सुमारे १९,००० रुपये वाचतील, असे मी धरतो. दोन किलोवॉटच्या संचात ही बचत साधारण चार वर्षांत खर्च भरून काढते. तीन किलोवॉटमध्ये बचत जवळपास तेवढीच राहते, कारण वापरच तेवढा आहे, आणि खर्च फिटायला सहा वर्षे लागतात. पाच किलोवॉटमध्ये ती मुदत बारा वर्षांच्या जवळ जाते, वर्षाअखेर विकलेल्या युनिटांचे पैसे धरले तर कमी. यजमान तेव्हा ७५ च्या पुढे असतील. त्यांना मुदतठेव मोडायची नाही, या हट्टात त्यांच्या नकळत एक बरोबर अंदाज दडलेला आहे, आणि तो मुलाने ऐकून घ्यायला हवा.

पण मग यजमानांचे म्हणणे पूर्ण बरोबर का? मला तसे वाटत नाही. ७५,००० रुपये सात टक्क्यांच्या ठेवीत वर्षाला ५,२५० रुपये देतात. तेच पैसे छतावर गेले तर वर्षाला १९,००० रुपयांचे बिल वाचते, आणि वाचलेल्या बिलावर आयकर लागत नाही. मुद्दल परत मिळत नाही, हे खरे. पण पहिल्या चार वर्षांत ते बिलाच्या रूपाने परत आलेले असते. कारखान्याचे निवृत्तिवेतन जेमतेम असते आणि विजेचे दर वाढले तरी ते वाढत नाही. ज्या घराची आवक ठरलेली आहे, त्या घराने आपल्या दरमहाच्या खर्चातला एक वाढता खर्च कमी करणे, यात सावधपणाच आहे. त्यांना हे असे सांगून पाहा. "नवीन जमाना" वगैरे शब्द यात न आलेले बरे.

तुमच्या वापराबद्दल आणखी एक बारकावा सांगतो, कारण अनेक वाचकांना तो उपयोगी पडेल. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे स्वस्त असतात आणि १०१ ते ३०० या टप्प्यात वीज आकार दुपटीच्या आसपास जातो. तुमच्या १७० युनिटांपैकी ७० युनिटे महागड्या टप्प्यात आहेत आणि बिलाचा मोठा भाग तीच खातात. म्हणून सोलर बसवो वा न बसवो, ती ७० कुठून येतात हे शोधणे फायद्याचे आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला बारा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला जवळपास ५० युनिटे वाचतात. गिझर दोन किलोवॉटचा असेल तर रोज अर्ध्या तासाला एक युनिट जाते. ज्या वाचकांचे बिल शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांनी घाईने कोणाचा संच पाहून आपला बसवू नये; त्यांची बचत प्रत्येक युनिटामागे तुमच्याहून बरीच कमी असेल. अशा कमी वापराच्या घरांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये केंद्राच्या अनुदानावर जादा मदतीची योजना जाहीर केली आहे, तिची चौकशी त्यांनी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात करावी आणि मगच हिशेब मांडावा. उलट ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र चालते आणि बिल तीनशे-चारशे युनिटांचे येते, त्यांना तीन किलोवॉट हाच बहुधा योग्य आकार ठरतो.

वीज जाण्याचा मुद्दा मी वेगळा काढून ठेवला होता, कारण या एका गैरसमजापोटी पुष्कळ घरे नंतर हिरमुसतात. वाहिनीला जोडलेला, बॅटरी नसलेला सौरसंच वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मग डोक्यावर कितीही ऊन असो. ही यंत्रातली उणीव समजू नये; ती मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे. बाहेरची वीज बंद करून लाइनमन खांबावर चढला असताना तुमच्या छतावरची वीज त्याच तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून संचातला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र, क्षणात थांबतो. वळवाच्या पावसात वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो, त्याचा खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तुमच्याकडे पंख्या-दिव्यांपुरता जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी आहेच. ती तशीच राहू द्या. वर्षातल्या थोड्या संध्याकाळींसाठी संचाचा खर्च वाढवू नये, असे माझे मत आहे. ज्या गावांत रोजच चार-सहा तास वीज नसते तिथे मात्र हा निर्णय उलटा होईल, कारण वाहिनी बंद असलेल्या तासांत संचाचे उत्पादनही वाया जाते.

आता तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत उल्लेखलेल्या गोष्टीकडे येतो. माझ्या दृष्टीने तुमच्या निर्णयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे: दक्षिणेकडचा भूखंड बिल्डरने घेतला आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडे कललेला असतो आणि पॅनलही दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. डिसेंबरच्या अखेरीस साताऱ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. अशा वेळी एखाद्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास नऊ-दशांश लांबीची, सरळ उत्तरेकडे पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास ती उंचीच्या पावणेदोन पट लांब होऊन वायव्येकडे जाते. तुमची गच्ची जमिनीपासून साधारण सात मीटर उंच असेल. शेजारची इमारत चार मजली, म्हणजे तेरा मीटरच्या आसपास झाली, तर ती तुमच्या गच्चीच्या वर सहा मीटर उठेल आणि डिसेंबरच्या दुपारी तिची सावली तिच्या भिंतीपासून पाच मीटरच्या थोडी पुढे येईल. मधले सामासिक अंतर, म्हणजे दोन इमारतींमध्ये मोकळी सोडलेली जागा, त्यातून वजा करा. उरते ती सावली गच्चीच्या दक्षिणेकडच्या कडेपुरतीच राहते. इमारत सात मजली झाली तर मात्र हिवाळ्यात गच्चीचा मोठा भाग झाकला जाईल.

दिलासा असा की मार्चपासून सूर्य बराच वर चढलेला असतो आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या इमारतीचा त्रास मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत होतो. पण त्या काळातली थोडीशी सावलीही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. पॅनल एकापुढे एक असे साखळीत जोडलेले असल्याने एकावर सावली पडली की साऱ्या साखळीचे उत्पादन खाली येऊ शकते. म्हणून दोन गोष्टी करा. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात त्या भूखंडाचा नकाशा मंजूर झाला आहे का आणि किती मजल्यांचा, याची चौकशी करा. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठहून अधिक असतील तर प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, होते आणि मंजुरीची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दुसरे म्हणजे पॅनल गच्चीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात बसवण्याचा आग्रह धरा. विक्रेते जिन्यापासून जवळची, तार कमी लागणारी जागा सुचवतात. ती तुमच्या सोयीची असेलच असे नाही. नकाशा सात मजल्यांचा निघाला, तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र छोटा इन्व्हर्टर (मायक्रोइन्व्हर्टर) लावण्याचा दर विचारा, म्हणजे एकावरच्या सावलीने बाकीचे अडणार नाहीत, आणि हिवाळ्यातले उत्पादन निम्मे धरून हिशेब पुन्हा मांडा. दोन किलोवॉट सुचवताना मी तुमच्या गरजेपेक्षा सुमारे ७५० युनिटे जास्त धरली आहेत, ती याच कारणासाठी. धुळीने आणि वर्षागणिक होणाऱ्या झिजेने जे कमी होईल, तेही त्यातच सामावेल.

गच्चीतल्या ओलीचे काम आधी करून घ्या. पॅनल बसल्यावर त्यांच्याखाली कोबा उकरणे हे दुप्पट खर्चाचे आणि मनस्तापाचे होते. सांगाड्याचे वजन ही चिंता नसते; स्लॅबला दर चौरस मीटरला पंधरा-वीस किलो सहज पेलतात. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या राहिल्या हे सातारकरांना सांगायला नको. सांगाडा गच्चीवरच ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवून घ्या. कोबा आणि जलरोधक थर फोडून बोल्ट मारले की पुढच्या पावसाळ्यात ओल ठरलेली. लोखंड गरम जस्तलेपाचे असावे. साडेपाचशे वॉटचे चार पॅनल तुम्हाला पुरतील आणि त्यांना चालण्याच्या जागेसह दोनशे चौरस फूट लागतील, त्यामुळे कुरडया-पापडांची जागा हिरावली जाणार नाही. सांगाडा सात-आठ फूट उंच करून खाली वाळवण घालण्याची कल्पना विक्रेत्याने सुचवली आहे, पण तिथे सावली असेल, वारा अधिक लागेल आणि पॅनल पुसायला शिडी लागेल. तुमच्या वयात कमरेच्या उंचीचा सांगाडा बरा. कोकणातल्या वाचकांसाठी एक वाक्य जोडतो: खाऱ्या हवेत जस्तलेप लवकर जातो आणि कौलारू छपराला वासे-रिपांची तपासणी केल्याशिवाय हात लावू नये, त्यामुळे तिथे अंगणात किंवा परसात जमिनीवर उभारलेला सांगाडा अनेकदा शहाणपणाचा ठरतो, अर्थात माड-पोफळींची सावली नसेल तर.

"उसाभर नको" हे यजमानांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ती केवढी हे त्यांना कळू द्या. पॅनलना हलता भाग नसतो. दर पंधरवड्याने, उन्हाळ्यात आठवड्याने, सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर साध्या पाण्याने ते धुवायचे असतात. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचे पाणी बरे. हे काम तुम्ही दोघांनी गच्चीवर चढून करू नये; गल्लीतल्या तीन घरांसोबत मिळून एखाद्या मुलाला महिन्याच्या बोलीवर लावा. योजनेत नोंदणीकृत विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करणे अपेक्षित असते, ते करारात लिहून घ्या. पॅनलच्या उत्पादनाची हमी बहुधा २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची मात्र पाच ते दहा वर्षांची. तो मधे एकदा बदलावा लागेल असे धरून चाला. अर्थिंग आणि लायटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून बचाव करणारे साधन) यांत काटकसर करू देऊ नका, कारण वळवाच्या विजा तुमच्याकडे कशा पडतात हे तुम्हीच लिहिले आहे.

कागदपत्रांची बाब रुक्ष असली तरी तुमचे काम तिथेच अडेल. जोडणी सासऱ्यांच्या नावावर असताना अनुदानाचा अर्ज तुमच्या किंवा यजमानांच्या नावाने पुढे जाणार नाही, कारण ग्राहकाचे नाव, अर्जदाराचे नाव आणि बँक खाते यांचा मेळ लागावा लागतो. आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि घराच्या मालकीचा कागद लागेल, आणि मिळकत पत्रिकेवर दिरांची-नणंदांची नावे असतील तर त्यांची लेखी संमती मागितली जाऊ शकते. ही संमती सोलरच्या निमित्ताने आत्ता गोडीगुलाबीने घेतलेली बरी; पुढे मुलांच्या पिढीत ती अवघड होते. अनुदानाचा पैसा संच बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर थेट खात्यात येतो. तोपर्यंत पूर्ण रक्कम तुम्हाला हाताशी ठेवावी लागेल, म्हणजे ७५,००० नव्हे तर १,३५,००० रुपये. मुलाला मदत करायचीच आहे तर त्याने मधल्या काळापुरते ६०,००० रुपये द्यावेत आणि अनुदान आल्यावर परत घ्यावेत. यजमानांची ठेव कमीत कमी मोडेल आणि मुलाचा आग्रहही कामी येईल. तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी बँका विनातारण, सवलतीच्या व्याजाने कर्ज देतात. ज्यांच्याकडे ठेव नाही त्यांनी त्याचा जरूर विचार करावा, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे असल्याशिवाय अनुदान मिळत नाही, म्हणून दरपत्रकात तसा स्पष्ट उल्लेख आणि बसवल्यावर प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक मागून घ्या.

सदनिकेत राहणाऱ्या वाचकांची पत्रेही येतात. त्यांची गच्ची सामाईक असल्याने एकट्याने पॅनल बसवण्याआधी संस्थेची लेखी परवानगी लागते, आणि मला विचाराल तर त्यांनी संस्थेच्या पातळीवरच विचार करावा. जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट यांच्या सामाईक मीटरसाठी संस्थेला प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान मिळते. पंप दिवसा चालवला तर त्याचा फायदा ताबडतोब दिसतो. सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना वर्षभराची सामाईक बिले सोबत ठेवली की चर्चा भरकटत नाही.

तुम्ही पत्रात एक वाक्य खोडून पुन्हा लिहिले आहे: "पैशापलीकडेही मला हे करावेसे वाटते, पण तसे बोलले तर घरात हसतील." हसण्यासारखे त्यात काहीही नाही. साताऱ्याजवळ कोयनेचे पाणी वीज देते म्हणून आपल्याला वाटते की आपली वीज स्वच्छ आहे. पण राज्याची बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते. देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोन किलोवॉटचा संच वर्षाला २,८०० युनिटे देणार असेल, तर जवळपास दोन टन वायू हवेत जायचा थांबतो. मला हे कारण पैशाच्या कारणाइतकेच वजनदार वाटते, आणि ते तुम्ही जेवताना, मुलगा आणि यजमान दोघेही समोर असताना सांगावे, असे मनापासून सुचवतो. पश्चिमेच्या आंब्याची दुपारनंतरची सावली पडते म्हणून तो तोडावा, हा विक्रेत्याचा सल्ला मात्र मानू नका. तीननंतरचे उत्पादन तसेही भर दुपारच्या मानाने कमीच असते.

वीजदर, नेट मीटरचे नियम, उरलेल्या युनिटांचा भाव हे सारे नियामक आयोग ठरवतो आणि वेळोवेळी बदलतो. पंचवीस वर्षांच्या बचतीचे जे रंगीत तक्ते विक्रेते दाखवतात ते या कारणाने मी बाजूला ठेवतो. चार-पाच वर्षांत फिटणारा छोटा संच घेतला तर नियम कसेही बदलले तरी तुमचे फारसे नुकसान होत नाही. आणि कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर, इस्त्री ही कामे दिवसा उरकण्याची सवय लावली तर वजावटीवर तुमचे अवलंबून राहणे आणखी कमी होते. पाच-सहा वर्षांनी तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला जाल, अशी शक्यताही तुम्ही लिहिली आहे. दोन किलोवॉटचे पैसे तोपर्यंत फिटलेले असतील, पाच किलोवॉटचे नसतील. वरचा मजला वाढवायचा मुलाचा विचार असेल तर तो मात्र आत्ताच विचारून घ्या, कारण बसवलेला संच उतरवून पुन्हा चढवणे खर्चाचे असते.

तेव्हा माझे उत्तर असे: बसवा, पण दोन किलोवॉटचा, आणि या महिन्यात नको. नावबदलाचा अर्ज आधी द्या, शेजारच्या नकाशाची चौकशी करा, पावसाळ्यापूर्वी ओलीचे काम उरकून घ्या, आणि योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी असलेल्या किमान तीन विक्रेत्यांकडून दोन किलोवॉटचे लेखी दर मागवा. गल्लीतल्या ज्या घरांवर संच बसला आहे त्यांच्याकडे जाऊन त्यांची डिसेंबर आणि जुलैची बिले पाहायला मागा. शेजारी ती आनंदाने दाखवतील. जोडणी तुमच्या नावावर होईपर्यंत अर्ज पुढे जाणारच नाही, त्यामुळे विक्रेत्याने मागितलेले ११,००० रुपये तोवर देऊ नयेत, आणि पुढेही पैसे द्यायचे ते कराराच्या प्रतीवर सही झाल्यानंतर, धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावेत.